मोराच्या मोहरेची निवडणूक

आमच्या कळमनुरीच्या ट्रेझरीतले किशनराव जेवणाच्या डब्यालाही लाखेचं सील ठोकत. सकाळी घरी ठोकायचे आणि दुपारी ते शाबूत आहे का, हे आम्हाला दाखवून मगच फोडायचे. राहत एकटे. म्हणजे भाजी करणारे तेच आणि चोरणारं कोणी असलंच तर तेही तेच. पण "बंदोबस्त पाहिजे, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिजोरीच्या खोलीला रोज सील लावून हाताला खोडच लागलेली. खिशात स्वतःची पितळी मोहर असे, मोराची.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. राज्यभरातल्या ट्रेझरी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची निवडणूक लागली आणि किशनराव चक्क खजिनदारपदाला उभे राहिले. एसटीनं वसमत, हिंगोली पालथं घातलं. आठवडी बाजारात तर बकऱ्या विकणाऱ्याकडेही मत मागितलं. त्याला कुठलं मत, असं मी म्हणालो, तर म्हणतात, "नसू दे. हवा तर व्हईल."

मतं टपालानं मुंबईला धाडायची होती. अट एकच. पाकीट कोरं हवं, खूण दिसली की मत बाद. तिन्ही गावची पाकिटं गोळा करून धाडायचं काम किशनरावांनीच अंगावर घेतलं. उमेदवारच मतं गोळा करतोय, यात कोणालाच वावगं वाटलं नाही, कारण त्यांच्याइतका भरवशाचा माणूस आमच्याकडे नव्हता.

त्या भरवशाच्या माणसानं प्रत्येक पाकिटावर लाख ओतून मोर उमटवला. तिन्ही गावची झाडून सगळी मतं बाद झाली, त्यांचं स्वतःचंही. तेवढी धरली असती तर ते निवडून आले असते. आम्ही पोट धरून हसलो. साहेब तर खुर्चीतून पडायचेच बाकी होते.

किशनराव मात्र हसेनात. चहाच्या टपरीवर मला हळूच म्हणाले, "पोरगी मुंबईत हाय, भाऊ. तिनं मनानं लगीन केलं म्हून मीच बोलणं तोडलं. खजिनदार झालो असतो तं दर महिन्याला तिथंच बैठक. काहून आले, असं इचारलं तं सांगाया कारण व्हतं. आता बिनाकामाचं कसं जावं?"

मी ते तसंच साहेबांच्या आणि बाकीच्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी न मागता रजा दिली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना, पुढं मुंबईची रेल्वे धरायला, नांदेडच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून विचारलं, "पोरीनं दारच उघडलं न्हाई तं, भाऊ?"

"उघडंल," असं मी म्हणालो खरा. पण गाडी दिसेनाशी झाली तरी आमच्यापैकी कोणी तिथून हललं नाही.