बाबांच्या दगडावरची किल्ली

दफनभूमीच्या फाटकापाशी हात धुऊन झाल्यावर रहामीम टोलेडानोने गाडीच्या किल्लीसाठी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग शर्टाचा, ज्यात त्याने जन्मात कधी किल्ली ठेवली नव्हती. शुक्रवारची दुपार कलली होती. कुलूपबंद गाडीत हमीनचं पातेलं होतं, गहू, बटाटे, अंडी आणि मटण घातलेलं, आणि शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागायच्या आत ते बहिणीच्या घरी गरम पत्र्यावर चढायला हवं होतं. दिवस मावळला की गाडी हलवायची नाही, चूल पेटवायची नाही. म्हणजे उद्या दुपारी सगळं गोत उपाशी.

"विसरलास ना?" ओले हात वाऱ्यावर वाळवत त्याची आई, फ्रेहा, म्हणाली.

"विसरलो नाही, ठेवली. बाबांच्या दगडावर. कबरीवर ठेवायचे खडे काढताना खिशातून आधी तीच हाताला आली."

"म्हणजे बापाला खड्याऐवजी गाडीची किल्ली वाहिलीस."

"खडेही ठेवले गं."

तो मागे वळला तशी फ्रेहाने काठी आडवी धरली.

"कुठे निघालास? एका दिवसात एकाच कबरीवर दोनदा जायचं नाही, माहीत नाही?"

"अगं, अर्ध्या मिनिटाचं काम!"

"आत्ता निरोप घेऊन आलो. परत दारात उभा राहिलास तर बाबा काय म्हणतील? विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुण्याला ते आत घेत नसत. छत्री खिडकीतून फेकायचे."

हे खरं होतं. मसूद टोलेडानो हयात असताना त्यांना एकदा केलेला निरोपाचा नमस्कार परत घेता येत नसे. पण येताना याच बाईने गाडीत पुन्हा तेच टुमणं लावलं होतं. मसूदशेजारी तिच्या कबरीसाठी राखलेली जागा रहामीमने रविवारी जाऊन बदलून आणायची. "जन्मभर त्यांचं घोरणं ऐकलं, आता कायमचं ऐकू?" रहामीम हो हो म्हणत कित्येक महिने टाळत होता. बाबा तिथे एकटेच राहतील या विचाराने त्याला फार वाईट वाटायचं, पण आईला तसं सांगायची छाती नव्हती.

रस्त्यापलीकडे झाडाखाली एल्काना कोहेन उभा होता, बहिणीचा नवरा. कोहेन म्हणजे पुरोहिताचं कूळ. त्याला दफनभूमीत पाऊल टाकायची मनाई. दर पुण्यतिथीला तो सोबत यायचा आणि बाहेरूनच सगळ्यांना सूचना द्यायचा.

"दाजी, तुम्ही तरी काहीतरी करा."

"मी? अरे, माझ्या पूर्वजांनी मंदिरात दिवे लावलेत!"

"हो, आणि घरातला बल्ब बदलायला रहामीम येतो," फ्रेहा म्हणाली.

एल्कानाने ते ऐकलंच नाही आणि धर्मगुरूंना, रब्बींना, फोन लावला. रब्बी म्हणाले, ही नुसती रीत आहे, अडचण असेल तर खुशाल जा.

"रब्बी भला माणूस आहे," फ्रेहा म्हणाली, "पण मसूदशी संसार त्याने नाही केला. मी केला."

तेवढ्यात एक दाढीवाले गृहस्थ आत निघाले. रहामीमने त्यांना गाठून नाव, रांग, खूण सगळं सांगितलं. गृहस्थांनी मान डोलावली. बऱ्याच वेळाने ते आले, शांतपणे हात धुतले आणि तांब्या कुणाच्या हातात न देता रीतीप्रमाणे खाली ठेवला.

"सापडली?" रहामीमने विचारलं.

"सापडली की. दगडाच्या अगदी मधोमध आहे."

"मग?"

"मग काय? कबरीवरची वस्तू उचलायची? आमच्या घराण्यात नाही चालत. मी आपला एक खडा ठेवून आलो. शब्बाथ शालोम!" आणि ते आपल्या गाडीत बसून निघूनही गेले.

एल्कानाचा फोन वाजला. "तुझी बहीण विचारतेय, पातेलं कुठवर आलं. मी म्हणतो, टॅक्सी बोलवू. पातेलं राहू दे."

"पातेलं राहिलं तर मीही इथेच राहीन," फ्रेहा कडाडली.

"राहा की, तुमची जागा आहेच," जावईबापू बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

फ्रेहाने फाटकातून आत पाहिलं. आता ही अख्खा शब्बाथ दाजींशी बोलणार नाही, असं रहामीमला वाटलं.

"रहामा," ती म्हणाली, "माझ्या जागेवर अजून कबर नाही ना?"

"काय बोलतेस, आई!"

"मग मी बाबांकडे चालले नाही. माझ्या जागेवर चालले."

काठी टेकत ती तरातरा आत शिरली. रहामीम रांगेच्या टोकाशी थांबला. ती आपल्या सिमेंटच्या चौकटीत जाऊन मसूदकडे पाठ करून उभी राहिली आणि काठीची मूठ मागे त्याच्या दगडावर फिरवू लागली.

"तुमच्याकडे आले नाहीये मी, कळलं?" तिने पाठीमागे बजावलं.

"आई, डावीकडे! जरा खाली!"

"उजवीकडे!" रस्त्यावरून एल्काना ओरडला, ज्याला तिथून काहीच दिसत नव्हतं.

किल्ली घरंगळत तिच्या पायाशी आली. फ्रेहाने किल्ली उचलली, पण परत यायच्या ऐवजी ती चौकटीच्या कडेवर टेकली.

"आई, ऊन उतरलं!"

"बसू दे जरा. काय वारा आहे इथे! आणि खालची अख्खी दरी दिसते. या माणसाने कधी बोलून दाखवलं असेल तर शपथ."

शेवटी रहामीम तिला हाताला धरून घेऊन आला. पुन्हा हात धुतले, गाडी सुरू झाली. शहरात शिरताना त्याने आरशात पाहिलं. आई मागे पातेल्याला टेकून बसली होती, दोन्ही हात मोकळे.

"आई, काठी कुठे?"

"राहिली तिथेच."

त्याने ब्रेक दाबला.

"गाडी चालव तू," फ्रेहा म्हणाली. "दोनदा जायचं नाही, सांगितलंय ना?"

थोडं पुढे गेल्यावर रहामीमने धीर केला. "मग रविवारी जागेचं कसं करू? बदलायचीच ना?"

"आता कशी बदलशील?" फ्रेहा म्हणाली. "काठी टाकून धरून ठेवलीय मी ती."