निवांत पुडी आणि टेहळ्या तुळाजी

एका जंगलात तुळाजी नावाचा वानर राहत होता. जंगल कुठलं ते विचारू नका. सांगितलं तर लगेच म्हणाल, हे तर आमच्या घरामागचंच!

तुळाजी होता टेहळ्या. उंबराच्या शेंड्यावर बसायचा आणि चहूकडे नजर ठेवायचा. वाघ दिसला की तोंड वासून ओरडायचा, "खक्! खक्!" असा खणखणीत आवाज की खाली चरणारी हरणं क्षणात पसार व्हायची. शिवाय हा गडी निम्मी उंबरं खायचा आणि निम्मी खाली पाडायचा. ती हरणं खायची. असा हा शेजारधर्म पिढ्यानपिढ्या चालला होता.

त्या कळपात चंद्रा नावाची हरिणी होती. ती तुळाजीला दादा म्हणायची. तिचं पाडस, बुंदी, त्याला मामा म्हणायचं. रोज सकाळी झाडाखाली येऊन बुंदी हाक मारायची, "मामा, मोठ्ठा आ कर!"

तुळाजी आ करायचा आणि एकेक उंबर तोंडात ठेवायचा. चार मावायची! बुंदी आनंदाने उड्या मारायची. मामाला काय तो अभिमान, विचारू नका.

तर सगळं छान चाललं होतं. आणि सगळं छान चाललं की गोष्टीत कोण येतं? बरोबर. कोल्हा.

या कोल्ह्याचं नाव सोपानशेठ. त्याने तळ्याकाठी सगळ्यांना गोळा केलं आणि चिखलात बसलेली म्हैस दाखवली.

"बघा बरं तिच्याकडे. पोरांची काळजी नाही, वाघाची भीती नाही. कशामुळे?"

"कातडी जाड आहे म्हणून?" सशाने विचारलं.

"छ्या! तोंडात सतत काहीतरी चघळायला असतं म्हणून!"

सगळ्यांना एकदम पटलं. म्हशीला विचारायचं कोणाला सुचलं नाही. ती रवंथ करते म्हणजे सकाळचं गवतच पुन्हा खाते, एवढं तिने सांगितलं असतं. पण विचारलंच नाही तर ती तरी कशाला बोलेल?

सोपानशेठने खैराची साल, शिंपल्यांचा चुना आणि कसलासा कडू पाला कुटला. पळसाच्या पानात बांधला. नाव ठेवलं 'निवांत'. पहिली पुडी फुकट!

एक पुडी घेऊन तो तुळाजीकडे आला. "तुळाजीराव, दिवसभर नजर ताणून बसता. चुकून डुलकी लागली तर? हरणांच्या जिवाचा प्रश्न आहे. निदान त्यांच्यासाठी तरी घ्या."

हरणांसाठी म्हणून तुळाजीने घेतली. डोकं गरगरलं, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, तेव्हा बरं वाटलं. महिन्याभरात सकाळी आधी पुडी आणि मग डोळे उघडायचे, असं सुरू झालं.

आणि एकटा तुळाजीच कशाला? ससा खाऊ लागला, साळिंदर खाऊ लागलं. लग्नाकार्यात पाहुण्याला पुडी दिली नाही तर पाहुणा रुसून निघून जायचा. न खाणाऱ्याला सगळे म्हणायचे, "अतिशहाणा!" झाडांचे बुंधे पिचकाऱ्यांनी लालभडक झाले. परगावची पाखरं लांबूनच म्हणायची, "वा, इथे पळस बाराही महिने फुलतो वाटतं!"

काही जणांचे जबडे आखडू लागले, तेव्हा तक्रार राजाकडे गेली. राजा म्हणजे वाघ. त्याने हुकूम काढला, की पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र छापावं आणि खाली धोक्याची सूचना लिहावी. सूचना वाचणार कोण? जंगलात शाळा होती, पण मास्तर होतं घुबड आणि शाळा भरायची दिवसा. चित्र मात्र सगळ्यांनी पाहिलं. ते सोपानशेठचे वडील असावेत, असं समजून पुष्कळांनी हात जोडले.

मग राजाने बंदीच घातली. सोपानशेठने एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत साल आणि चुना, दुसरीत पाला. बंदी मिसळलेल्या मालावर होती, सुट्यावर नव्हती. मिसळायचं काम गिऱ्हाईक आपल्या तळहातावर करू लागलं.

या आनंदात सोपानशेठने राजालाही एक पुडी पुढे केली. राजा म्हणाला, "नको. आम्हाला पथ्य आहे."

इकडे एका सकाळी बुंदी म्हणाली, "मामा, आज दोनच उंबरं मावली!"

चंद्रा काळजीत पडली. "दादा, सोड ना रे ती पुडी. तुझा आवाजही हल्ली दबलेला येतो."

"अगं, मनात आणलं तर आत्ता सोडीन! सोमवारपासून बघच तू."

किती सोमवार आले आणि गेले. एके दिवशी तोंडात एकही उंबर जाईना. तुळाजी चिडून म्हणाला, "हल्ली उंबरंच फार मोठी यायला लागलीत!" मग तो फळं खायचाच थांबला. तो खाईना, म्हणून खालीही काही पडेना. भुकेली हरणं चरायला लांब लांब जाऊ लागली.

अशाच एका दुपारी बुंदी एकटीच तळ्याकाठच्या उंच गवतापाशी गेली. झाडावरून तुळाजीला गवत हललेलं दिसलं. मग पिवळं अंग दिसलं. वाघ!

तुळाजीने छाती भरून श्वास घेतला. जबडा बोटभर उघडला आणि तिथेच अडला. आतून आलं फक्त "म्म्म". लाल ओघळ छातीवर आला. त्याने फांद्या हलवल्या, पानं ओरबाडून फेकली, दोन्ही हातांनी जबडा फाकवायला बघितला.

बुंदीने वर पाहिलं. मामा हातवारे करतोय, तोंडाशी झटतोय. तिला वाटलं, खेळ सुरू झाला. ती हसून म्हणाली, "मामा, मोठ्ठा आ कर!"

तुळाजीला आ करता आला नाही.

संध्याकाळी शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी राजेसाहेब होते. मिशा पुसून म्हणाले, "कळपाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अशा प्रसंगीही कोणी आरडाओरडा केला नाही, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं." सभेने टाळ्या वाजवल्या. पुडी खाणाऱ्या कोणालाच बोलता येत नव्हतं.

चंद्रा तुळाजीसमोर येऊन उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "एकदाच ओरडला असतास रे."

तुळाजीचे डोळे वाहू लागले. चुकलो गं बाई, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तेही जमलं नाही.

तेवढ्यात सोपानशेठने त्याच्या तळहातावर दोन पुड्या ठेवल्या. "घ्या. मन हलकं होतं. आज फुकट."

तुळाजीने चंद्राकडे पाहिलं. मग तळहाताकडे पाहिलं. दुसऱ्या हाताचा अंगठा आपोआपच मळायला लागला. तोंडाला बोटभर फट उरली होती, आणि पुडीला तेवढी पुरते.

तात्पर्य: मुलांनो, तब्येत कशी सांभाळावी हे वाघाकडून शिकावं. तो पुडीला शिवत नाही, नेहमी ताजं खातो, आणि जेवताना आजूबाजूला शांतता ठेवतो.