पोस्टरवरचा विश्वासू चेहरा

सलूनवाल्याने दवाखान्याच्या नर्सला फोटो देताना एवढंच विचारलं, "मिशा चालतील ना?"

"पळतील! आम्हाला विश्वासू चेहरा हवाय. बघताक्षणी वाटलं पाहिजे, हा माणूस खोटं बोलणार नाही."

एवढं कौतुक ऐकल्यावर पोस्टर कशाचं, हे विचारणारा माणूस वेगळा. आपला गडी खुशीत घरी गेला.

सोमवारी चौकात पोस्टर लागलं. वर याचा हसरा चेहरा आणि खाली ठळक अक्षरांत : 'मला गुप्तरोग झाला होता. लाजलो नाही, उपचार घेतले. आज मी ठणठणीत आहे!'

दिवसभर सलूनमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही. संध्याकाळी टेलरमास्तर आले, म्हणजे होणारे सासरे. ते खुर्चीला न टेकता उभेच राहिले.

"लग्न मोडलं."

"अहो मास्तर, मला काही झालेलंच नाही!"

"मग बरा कशाला झालास?"

मास्तरांच्या पोरीवर त्याचा जीव होता. तो तडक दवाखान्यात गेला.

"फाडा ते पोस्टर!"

"फाडलं तर लोक म्हणतील, पुन्हा झाला," नर्स शांतपणे म्हणाली. "त्यापेक्षा तपासून घ्या, रिपोर्ट देते."

रिपोर्ट स्वच्छ आला. त्याने तो फ्रेम करून आरशाशेजारी टांगला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काही झालंच नव्हतं तर तपासायला कशाला गेला, असं अर्धं गाव म्हणू लागलं. उरलेल्या अर्ध्या गावाची खात्री पटली, की गडी खरोखर बरा झालाय.

मग दूधवाला आला. त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं काही नव्हतं.

"काय रे, तुला जळजळ व्हायची का?"

"मला काही झालं नव्हतं!"

"बरं बाबा, नव्हतं. पण जळजळ?"

सलूनवाल्याने हात टेकले. रिपोर्ट देताना नर्सने ऐकवलेलं सगळं त्याने दूधवाल्याला ऐकवलं. "डॉक्टरकडे जा. अंगावर काढलंस तर पुढे मूल होणं अवघड. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नकोस. आणि बायकोलाही ने, नाहीतर तुझं तिला आणि तिचं तुला, चालूच राहील."

दूधवाला बरा झाला, आणि त्याच्या पोटात काही राहत असेल तर शपथ. दाढीच्या निमित्ताने लांबून लांबून माणसं येऊ लागली. धंदा जोरात होता, पण मास्तरांचं दार काही उघडेना आणि सलूनवाल्याला जेवण गोड लागेना.

एका दुपारी मास्तरच आले. त्यांनी स्वतःच्या हाताने शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसले.

"दाढी?"

"नको." मास्तरांनी शटरकडे एकदा वळून पाहिलं. "गोळ्या फार कडू असतात का रे?"

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. "डॉक्टर सांगतील. पण मास्तर, काकूंनाही तपासावं लागेल."

"मेलो! मी सांगितलं तर ती मला उभा कापेल. तू सांग. तुझ्यावर लोकांचा विश्वास बसतो."

"मी परका माणूस. तुमच्या घरात येऊन असलं काय सांगू?"

मास्तरांनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

"लग्न उद्याच उरकू, जावईबापू. परवा तिला तुम्ही सांगा."