म्हशीचे डोळे

चित्रावर बोलायचं, तर आधी आठवडाभर ते नजरेसमोर हवं, असं डॉ. मोरेश्वर टिपणिसांनी ठरवलं आणि ते चित्र रोह्याहून एसटीने पेणला घरी आणलं. इथंच चुकलं. (म्हणजे चुकलं असावं. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळाल्यापासून ते कशाचीच खात्री देत नसत.)

चित्रात एक निळी म्हैस होती. तिला डोळे नव्हते. मागे खिडकी, खिडकीत नुसते पांढरे चौकोन. चित्र काढलं होतं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, केरूने. रविवारी रोह्यात त्याचं प्रदर्शन होतं आणि भाषण सरांचं. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं! सरांनी अकरा पानं लिहिली. डोळे नसणं म्हणजे आधुनिक माणसाचं आंधळेपण, पांढरे चौकोन म्हणजे शून्य.

शनिवारी ते फिरून घरी आले, तर म्हैस त्यांच्याकडे बघत होती. टपोऱ्या, शांत डोळ्यांनी.

"विमल! हे कुणी केलं?" ते बायकोवर ओरडले.

"ओरडता काय? महिपती आला होता, त्याच्याकडून डोळे रंगवून घेतले. बिनडोळ्यांचं जनावर किती दिवस घरात ठेवायचं?"

महिपती म्हणजे गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा कारागीर. सर तसेच तिथं धडकले.

"मूर्खा! माझं अख्खं भाषण त्या डोळ्यांवर होतं!"

"पन डोळं नव्हतंच की, सर."

"तेच तर!"

महिपतीने ब्रश खाली ठेवला. "खिडकीतनं एवढं मिठागर दिसतंय. म्हशीला डोळं नाय, तर बघनार कोन?"

"मिठागर नाही ते! शून्य आहे, शून्य!"

"आमचा बा तिथंच राबला, सर. मिठाचं वाफं मला वळखंना व्हय?"

रविवारी सकाळी केरू चित्र न्यायला आला. सरांनी माफीची चार वाक्यं पाठ केली होती. ती बोलायची वेळच आली नाही.

"सर, वर्षभर हे डोळे मला जमत नव्हते, म्हणून सोडून दिले होते. कुणी काढले?" सगळं ऐकून तो उडालाच. "मिठागरसुद्धा ओळखलं? मग आज महिपतीकाकाच बोलतील!"

"आणि मी?" सरांचा आवाज फुटला.

"तुम्ही शेवटी सगळ्यांचे आभार माना ना, सर."

सर संतापाने खुर्चीत बसले. समोरून म्हैस मायेने बघत होती. तिच्यावर तरी किती वेळ चिडणार? त्यांनी ती अकरा पानं उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आभार लिहायला घेतले.

विमलबाई खांद्यावरून डोकावल्या.

"अहो, पहिलं नाव माझं घाला. रंगाची वाटी मी धरली होती."