मन्मथअप्पा आणि टँकरचा नंबर

मन्मथअप्पा घराबाहेर पडताना कुलूप लावतात, तीनदा ओढून बघतात, आणि मग समोरच्या किराणावाल्यालाही ओढायला लावतात. "माझ्या हातानं ते बरोबरच बसतंय ओ. दुसऱ्याच्या हातानं निघालं तर?" असा त्यांचा सवाल. किराणावाला बिचारा पुडी बांधायची सोडून येतो, कुलूप ओढतो, "हाव अप्पा, पक्कं हाय" म्हणतो आणि परत जातो.

चाकुरात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी जवळच्याच एका छोट्या गावची ग्रामसेविका. आमच्या ग्रामपंचायतीचा प्रिंटर महिन्याला एकदा तरी आजारी पडायचा, त्यातून ओळख झाली. माणूस लाखमोलाचा, पण भित्रा म्हणजे किती भित्रा! गळ्यात इष्टलिंग, शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह, आणि बोलता बोलता दोन्ही जागेवर आहेत ना, हे हात लावून बघायचे. स्कूटर अशी चालवायचे की शेळ्या पुढे निघून जायच्या.

आणि हा माणूस प्रोग्रॅम लिहायचा तो लिस्प नावाच्या जुन्या भाषेत. तिच्यात कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. "अप्पा, डोळे फुटतील की तुमचे," मी म्हणायची. "न्हाई ताई. हिच्यात उघडलेलं मिटल्याबिगर पुढं जाताच येत न्हाई. भित्र्या माणसाला बरी हाय," म्हणायचे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गावाला तीन दिवसांआड टँकर. कुणी आधी भरायचं ते माझ्या वहीत लिहिलेलं, म्हणून सगळा संशय माझ्यावर. "मॅडमनं तिच्याकडच्यांची नावं वर घातली!" एका खेपेला भांडणात एकीच्या डोक्यात घागर बसली, टाके पडले. खरं सांगते, टँकरचा हॉर्न वाजला की एकच मनात यायचं. पुढच्या खेपेला कुणाचा जीव गेला तर?

अप्पांना हे कळलं. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडणारी एक साधी खिडकी बनवली. तिच्यात गावातली नावं भरायची, प्रत्येकापुढं किती घागरी ते, आणि खाली एकच बटण, 'पुढचा'. बटण दाबलं की मशीनच चिठ्ठी उचलल्यासारखं नाव काढणार. ना माझी वही, ना माझा हात. मी तर खूश झाले.

पण अप्पा ती द्यायला तयार होईनात! "माझ्या मशीनवर चालायलंय ताई. तुमच्यावर न्हाई चाललं तर? लोक तहानलेले राहतील ओ." त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई उठलेली. "आन् जिल्हाच बदलला तर?"

"अप्पा, जिल्हा बदलला म्हणून तहान बदलती का?"

शेवटी भीत भीत दिली. तर आमच्या कॉम्प्युटरनं ती व्हायरस समजून पुसूनच टाकली. अप्पांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मग माझी वही मागून घेतली, गावातली सगळी नावं स्वतः भरली आणि एकच फाइल करून आणली. मशीनमध्ये त्या घडीला जे जे चालू आहे ते सगळं जसंच्या तसं त्या एका फायलीत गोठवता येतं, असं म्हणाले. "आता दुसरं कायबी टाकायला नको, नुस्तं उघडा." आणि खिशाला हात लावत निघून गेले.

टँकर आला. मी कॉम्प्युटरचं तोंड दाराकडं केलं. दारात घागरी, कळश्या, प्लास्टिकचे हंडे, आणि शंभर डोळे. बटण दाबलं. नाव आलं, 'वैशाली'.

"कोण वैशाली?" गावात त्या नावाची कुणीच नव्हती. यादी खाली सरकवली तर तळाशी आणखी तीन परकी नावं, शिवराज, ओम, सई. "बोगस नावं! मॅडमचे पाव्हणे असतील!" घागरी वर उचलल्या गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "भांडायचं तर भांडा, मी निघालो." त्याला कसंबसं थांबवून मी अप्पांना फोन लावला. "अप्पा, तुमच्या पाया पडते, या!"

अप्पा आले, तेही भरधाव. थेट त्या गर्दीत शिरले.

"मॅडमची चूक न्हाई. माझी हाय. ही माझ्या घरची नावं. लेक, सून, नातवंडं. पुण्याला असतेत. चालवून बघायला नावं लागतेत, दुसऱ्याची घालायचं भ्या वाटलं, म्हणून आपलीच घातली. काढायचं राहिलं आन् तसंच गोठलं." अप्पांनी खिशाला हात लावला. "रोज बटण दाबून बघायचो. आज सईला पाणी भेटलं, आज ओमला भेटलं…"

वर उचललेल्या घागरी खाली आल्या. अप्पांनी एकेक नाव पुसलं. चौथ्याला जरा वेळ लागला. मग मी बटण दाबलं, 'काशीबाई' आली, आणि गावातल्या सगळ्यात तोंडाळ म्हातारीची घागर सगळ्यात आधी भरायला लागली.

घागर भरता भरता काशीबाई अप्पांकडं वळली. "फोन कधी केलतास लेकराला?"

"त्येंना काम असतंय मावशी. मधीच केला आन् तरास झाला तर?"

"मेल्या, एवढ्या घागरींत उभा राह्यलास तवा न्हाई भ्यालास! लाव आत्ता."

अप्पांनी लावला. पलीकडून पोरीचा आवाज आला, पण पाण्याच्या धारेपुढं काही ऐकू येईना. तेव्हा तीन दिवस वाट बघितलेल्या काशीबाईनं अर्ध्या घागरीवरच ड्रायव्हरला कॉक बंद करायला लावला.

"सई," अप्पा म्हणाले, "पाणी प्यालीस का गं?"