पाचवी ओळ, तिसरी काडी

पारंपरिक कला संरक्षण कार्यालयात मी खिडकी क्रमांक दोनवर बसतो. कार्यालय स्थापन होण्यापूर्वी परंपरा मोकाट होत्या. कुणीही उठावं, आजीनं शिकवलं म्हणून काहीतरी विणावं, कोरावं, रंगवावं आणि त्याला खुशाल परंपरा म्हणावं, असा सगळा सावळा गोंधळ होता. आता बाजारातल्या कलागल्लीत बसायचं तर आमचा शिक्का लागतो. शिक्का नसलेली परंपरा ही नुसती सवय समजली जाते.

त्या सकाळी एक चटईवाली आणि तिची सासू खिडकीशी आल्या. दोघी लव्हाळ्याच्या चटया विणतात. सासू गेली चाळीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी एकाच पायरीवर बसून विणत होती, आणि महिनाअखेरपर्यंत शिक्का मिळाला नाही तर ती पायरी जाणार होती. मी अर्ज पुढे सरकवला. पहिल्याच रकान्यात घोडं अडलं. रकाना होता, ‘कलेचा उगम’.

“म्हणजे काय लिहायचं?” सुनेनं विचारलं.

“ही कला सुरू का झाली, ते.”

“खाली गार लागायचं म्हणून,” सासू म्हणाली.

गारठा हे कारण नियमात बसत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. निसर्ग, आत्मा आणि विश्व यांपैकी किमान दोन शब्द लागतात. शिवाय गारठ्यासाठी नक्षी कशाला हवी, असंही मी विचारलं. मला वाटलं, आता म्हातारी निरुत्तर होईल.

“दिवसभर नुसतं सरळ विणून बघा,” ती म्हणाली. “हात ऐकतच नाहीत.”

मी ‘निसर्ग व आत्मा’ लिहून टाकलं. नोकरीत असलो तरी मलाही माणुसकी आहे.

दुसरा रकाना ‘पारंपरिक चूक’ असा होता. याचा इतिहास सांगायला हवा. आमच्या अभ्यासगटानं अकरा देशांचा दौरा केला. विणकर पाहिले, कुंभार पाहिले, भरतकाम करणाऱ्या बायका पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला की हातानं केलेल्या वस्तूत कुठे ना कुठे एक चूक असते आणि माणसांचा जीव नेमका तिच्यावरच जडतो. म्हणजे चूक हाच खरा वारसा. आणि वारसा म्हटला की तो वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यातून नियम एकोणीस आला : चटईत चूक एकच असावी, आणि ती डावीकडून पाचव्या ओळीत, तिसऱ्या काडीवर असावी.

सासू हसली. तिनं सुनेच्या काखेतली चटई सोडवून खिडकीवर पसरली.

“ही काडी उलटी गेली ना, तेव्हा नातीनं मला पहिल्यांदा हाक मारली होती. हात थांबला. झालेलं उसवायचं नाही, असं आहे आमच्यात. आणि ही इथली, त्या दिवशी माझं हिच्याशी वाजलं होतं.”

“इथं तर दोन काड्या उलट्या आहेत,” मी त्या दुसऱ्या चुकीवर बोट ठेवलं.

“दोनदा वाजलं होतं,” सून म्हणाली.

एवढ्यात सासूची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. “तुमच्या साहेबांच्या पायाखालची पण माझीच. आमचे हे गेले त्या वर्षीची. तिच्यात बघा, एक अख्खी ओळ उलटी आहे.”

साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले. ओळ मोजली, तर बाविसावी. नियमबाह्य चटई कार्यालयप्रमुखांच्या पायाखाली नऊ वर्षं बिनबोभाट नांदत होती. ती तिथल्या तिथे जप्त झाली आणि सासूला प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख मिळाली.

परीक्षा सभागृहात झाली. तीन परीक्षक होते, त्यांपैकी एकाकडे घड्याळ आणि एकाकडे मोजपट्टी. म्हातारी झरझर विणत पाचव्या ओळीत आली, तिसऱ्या काडीवर थांबली. काडी उलटी धरली, आणि बोटांनी ती सरळ घातली. पुन्हा काढली, पुन्हा सरळ गेली. तिच्या कपाळावर घाम आला.

“मुद्दाम नाही हो होत,” ती म्हणाली.

“प्रयत्न करा आजी,” साहेब मायेनं म्हणाले. “चुकणं माणसाचा स्वभाव आहे.”

“आई, द्या इकडे, मी घालते उलटी,” सून पुढे झाली. परीक्षार्थीला मदत करण्यास मनाई असल्याचं मी तिला दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागली. चौदाव्या ओळीत सासूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि काडी उलटी गेली.

शेरा एकमतानं पडला : ‘चूक अस्सल, परंतु अस्थानी. अर्जदारास परंपरेचे ज्ञान नाही.’

“मग आम्ही विणायचं नाही?” सुनेनं मला विचारलं.

मी नियम पाहिले. “विणायला बंदी नाही. त्याला परंपरा म्हणायला आहे.”

सासूनं अर्धी चटई गुंडाळली. “चल गं,” ती म्हणाली. “घरी अजून गार लागतंच.”

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटत होतं.

पायरी एका कारखान्याला मिळाली. त्यांच्या यंत्रानं परीक्षेत शंभर चटया काढल्या आणि शंभरही वेळा चूक पाचव्या ओळीत, तिसऱ्या काडीवर पडली. एका परीक्षकाला गहिवरून आलं. जप्त केलेली चटई पुराव्यादाखल माझ्या खिडकीखाली आहे. आमची फरशी फार गार पडते, तेव्हा पाय टेकायला बरी.

गल्लीत आता ही गर्दी असते. माणसं चटई हातात घेतात, पाचवी ओळ मोजतात, त्या काडीवरून हळुवार बोट फिरवतात आणि शेजारच्याला म्हणतात, “हाताचं काम लगेच कळतं बघा.” परवा तुम्हीही म्हणालात. मी तुमच्या मागेच उभा होतो. तुमचं वाक्य यंदाच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर घेतलं आहे.