अर्ध्या ग्रॅमची गाय

ज्या वर्षी बसंतीबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले, ते दोन हजार चोवीस साल. मार्चमध्ये पुण्यात शिष्यवृत्तीवर संशोधन करणारी नात राखी तांड्यावर आली. बसंतीबाईने नव्या डोळ्यांनी तिला नीट पाहिले आणि अट घातली, "इतके वर्सं कायले घालवले ते मले दाखव. नाही तं लगन कर."

राखीने डबीतून काळा स्फटिक काढला. पापुद्र्यांवर पापुद्रे. ती म्हणाली, उजेड पडला की आतला इलेक्ट्रॉन उडी मारतो, त्याची जागा रिकामी पडते, आणि तो त्या रिकाम्या जागेभोवतीच घुटमळतो. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. पापणी लवायच्या आत जोडी मरते आणि मरताना उजेड देते. कडक थंडीत एका पापुद्र्याचे चुंबकत्व पूर्वेला तोंड करते, शेजारच्याचे पश्चिमेला, म्हणून जोडी आपल्याच पापुद्र्यात अडकते. बाहेरून चुंबक आणला की सगळे एकाच दिशेला पाहतात, जोडी शेजारी हिंडू लागते आणि तिच्या उजेडाचा रंग बदलतो.

तेवढी थंडी यवतमाळच्या मार्चात कुठून आणायची? द्रवरूप नायट्रोजन होता तो जनावरांच्या दवाखान्यात, वळूच्या रेतमात्रा गोठवायला. तिथले सदाशिवराव सज्जन होते. त्यांची ना नव्हती. फक्त माजावरच्या गायीखेरीज नायट्रोजन काढायला संगणकाची परवानगी नव्हती. राखी म्हणाली, हा स्फटिक आहे. ते म्हणाले, स्फटिकाचा रकाना नाही.

"मंग गाय लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिली. मालक राखी, रंग काळा, वजन अर्धा ग्रॅम. संगणकाने वजनावर हरकत घेतली नाही. मोबाइल नंबर मात्र दोनदा मागितला.

राखीने स्फटिक नायट्रोजनने गार केला आणि त्यावर उजेड टाकला. जोडी मरताना देते तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण राखीने सोबत आणलेल्या यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटली. राखीने चुंबक जवळ नेला. रेघ सरकली. बसंतीबाई पडद्याजवळ सरकली.

"हे तं आपल्या ग्रामपंचायतीवानीच हाय," ती म्हणाली. "आमदार आला का समद्यायचे तोंड एकीकडं. शिक बेटी."

जूनमध्ये सदाशिवराव खांद्यापर्यंतचा हातमोजा घेऊन गर्भतपासणीला आले. स्फटिक पुण्याला गेला होता. तालुक्याचे उद्दिष्ट अपुरे असल्याने तो गाभण निघाला. डिसेंबरात कालवड झाली. तिच्या कानातला बारा आकडी बिल्ला मी खुंटीला अडकवला. तिला दोनदा लस दिली गेली. सुदृढ कालवड स्पर्धेत ती पहिली आली. परीक्षकांचा शेरा होता, "स्वभावाने शांत." बक्षिसाचा नारळ मी घेतला, तांड्यात वाटला.

मग वरून तपासणी लागली. खोटी गाय राखीच्या नावावर. सापडली तर तिची शिष्यवृत्ती बंद.

"लखीरामभाऊ, आता दोघीले मारा लागते," सदाशिवराव म्हणाले.

"वीज पडली लिहा."

"वीज नोका लिहू. भरपाई येते. मंग लोकं पाह्यले येतात."

शेवटी म्हातारपण लिहिले. कालवड सात महिन्यांची होती, पण एक्सायटॉनच्या मानाने तिने पुष्कळ पाहिले.

पंचनाम्याला पाच सह्या लागतात. बासष्टाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही मी पहिली केली. नारळ खाल्लेले तिघे शेजारी निमूट करून गेले. पाचवी जागा रिकामी आहे. तुम्ही इथवर सगळे पाहिलेत आणि हूं की चूं केले नाही, म्हणजे तुमची चालेल. मजकूर एवढाच: राखी यांची काळी गाय व तिची कालवड, दोघी सोमवार, १४ जुलै २०२५ रोजी सकाळी दहा वाजता म्हातारपणाने मरण पावल्या.